निरंक हवा

यादीत खार नव्हती. तिथे त्रिशलाच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

बाकी मंडळी हजर होती. माणूस होता, तो तर ढिगाने. गाय, म्हैस, कुत्रा, कबूतर होतं. कोंबडीही होती, ती बहुधा कोपऱ्यावरच्या बिर्याणीच्या गाड्यावरून उडत आली असावी. पण सांगली-मिरज रस्त्यावरच्या जुन्या जकात नाक्यापाशी, जिथे चिंचांखाली उभं राहून भडंग खायला घेतलं तर निम्मं खारींच्या वाट्याला जातं, तिथल्या हवेत खारीचा मागमूस नाही?

अहवालाच्या तळाशी यंत्राने ठसठशीत छापलं होतं : ‘सूचीतील संरक्षित जीव – निरंक’. त्याखाली सहीसाठी मोकळी जागा होती. सही करायची होती त्रिशला मगदूमने, जोडशहर बस प्राधिकरणाच्या पर्यावरण अधिकाऱ्याने. अशा दोन फेऱ्या निरंक निघाल्या आणि तिची सही झाली, की चिंचा जाणार होत्या आणि बस येणार होती.

हवेची साक्ष काढण्याचं हे तंत्र तसं समजायला सोपं. कुठलाही जीव जगतो तो सांडत सांडत. केस, पिसं, कोंडा, विष्ठेची धूळ, काही ना काही त्याच्या अंगावरून सुटतं आणि हवेत तरंगत राहतं. त्या कणांत त्या जीवाचा डीएनए असतो. रस्त्याकडेच्या खांबावर एक पांढरी पेटी बसवायची. तिच्यातला पंखा अखंड हवा ओढत राहतो आणि फिल्टरवर हे कण अडकतात. पुढे प्रयोगशाळेत एक एन्झाइम त्या डीएनएच्या नकलांवर नकला काढतं, त्या वाचता येण्याइतक्या झाल्या की यंत्र त्या जगभरच्या जीवांच्या डीएनएशी ताडून पाहतं आणि कोण कोण इथे राहून गेलं त्याची यादी देतं. जीव दिसावा लागत नाही, सापडावा लागत नाही. तो तिथे श्वास घेत असला की झालं.

या पेटीवरच सरकारचा नवा नियम उभा होता. पूर्वी रस्त्याला हात लावायचा म्हटलं की पर्यावरणाचा पुरा अभ्यास व्हायचा, आणि तो होईपर्यंत लोक कर्ज काढून मोटारी घेऊन मोकळे व्हायचे. बस तर पर्यावरणाच्याच बाजूची, मग तिचीच वाट पर्यावरणाच्या नावाने कशाला अडवायची, असा सवाल निघाला आणि तो खोटाही नव्हता. म्हणून ठरलं : आहे त्या रस्त्याच्या हद्दीत बससाठी वेगळी मार्गिका आणि थांबे करायचे असतील, आणि हवेची साक्ष लागोपाठ दोनदा निरंक आली, तर अभ्यासातून सूट. सूचीतला एक जरी जीव निघाला तर मात्र पुरा अभ्यास. म्हणजे दोन पावसाळे गेलेच, आणि या मार्गाच्या बाबतीत मार्चअखेर परत जाणारा निधीही गेला.

हा मार्ग आखला होता भरतेशने. भरतेश मगदूम प्राधिकरणाचा अभियंता आणि त्रिशलाचा नवरा. सांगलीहून मिरजेच्या दवाखान्यांपर्यंत माणूस मध्ये कुठेही न अडकता बसने जाईल, हे त्याने लग्नाआधीपासून डोक्यात घेतलं होतं. त्रिशलाला पहिल्यांदा भेटायला आला तेव्हाही त्याने कागदी रुमालावर थांबे काढून दाखवले होते. तिला तेव्हा ते फार आवडलं होतं.

पहिल्या फेरीचा फिल्टर पेटीतून काढायचा होता तेव्हा त्रिशला तापाने अंथरुणात होती. पेटीला किल्ल्या दोनच, एक तिच्याकडे आणि एक स्थापत्य विभागाकडे, म्हणजे भरतेशकडे. “येता येता मीच काढून आणतो,” तो म्हणाला होता आणि आणलाही होता. फिल्टर काळ्या सीलबंद डबीतून निघायचा आणि डबी तशीच न उघडता यंत्रात जायची, त्यामुळे त्यात कोणी बघण्यासारखं काही नव्हतं. डबी तिच्या उशाशी ठेवत तो आणखी एक वाक्य बोलला होता : “निरंकच येणार, बघ.”

तेव्हा ती तापात हसली होती. आता खारीची जागा रिकामी बघताना तिला तेच वाक्य पुन्हा ऐकू आलं. याला आधी कसं कळलं?

संशयाचं एक बरं असतं, त्याला खायला फार लागत नाही. भरतेश आंघोळ करताना शीळ घालायचा, ती वर्षानुवर्षांची शीळ आता तिला निश्चिंत माणसाची वाटायला लागली. फोन आला की तो गॅलरीत जायचा. तो नेहमीच जायचा, घरात रेंज नव्हती, पण हे तिला आता आठवून स्वतःला समजवावं लागायचं. यंत्र बिघडलं असेल म्हणून तिने तेही तपासलं. यंत्र आपली एक परीक्षा आपणच घेतं, ठाऊक असलेला एक नमुना स्वतःत घालून तो वाचता येतो का बघतं. त्या परीक्षेत ते पास होतं. म्हणजे यंत्र ठीक होतं आणि फिल्टरवर खार नव्हती. मग फिल्टर त्या पेटीतला होता कशावरून? एसटी डेपोच्या डांबरी आवारात दुसरी पेटी ठेवायची, तिथला फिल्टर डबीत घालायचा, की झालं काम. माणूस, कुत्रा, कबूतर तिथेही असतातच.

विचारावं असं तिच्या मनात आलं. पण विचारून तो ‘नाही’ म्हणाला असता, आणि ते ‘नाही’ तपासायला तिच्याकडे कुठलं यंत्र होतं?

त्यापेक्षा तिने सापळा लावला.

घरच्या शोकेसमध्ये मोरपिसांच्या जुडीत एक करड्या रंगाचं केसाळ पीस होतं, एका देठातून दोन फुटलेलं. भरतेशच्या काकांनी एके काळी एमू पाळायचं खूळ घेतलं होतं. ते पक्षी कधीच गेले, काकाही गेले, पीस तेवढं राहिलं होतं. त्रिशलाने त्याचा बोटभर तुकडा कापला, दुसऱ्या फेरीचा फिल्टर बसवायला गेली तेव्हा पेटीच्या नळीच्या आतल्या वळणावर चिकटपट्टीने लावला आणि झाकण बंद केलं. सगळ्या सांगली जिल्ह्याच्या हवेत त्या दिवसांत एमू कुठे असेल तर तो या पेटीत. फिल्टर याच पेटीतून आला तर यादीत एमू येणार. नाही आला, तर फिल्टर बदलला.

फेरी संपत आली तेव्हा ती मुद्दाम सकाळी भांडी आवरता आवरता म्हणाली, “भरतेश, मला आज जमेल असं वाटत नाही. येताना नाक्यावरचा फिल्टर घेऊन येशील?”

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, “आणतो की. त्यात काय.” आणि जाताना दारातून मागे वळून हसला.

का हसला, या प्रश्नाने तिचा तो दिवस खाल्ला.

दुसरा अहवाल आला. माणूस, गाय, म्हैस, कुत्रा, कबूतर. खार नाही. एमू नाही. सूचीतील संरक्षित जीव – निरंक.

त्रिशलाने कागद उलटा ठेवला आणि खूप वेळ त्याच्यावर हात ठेवून बसली. तिला राग येईल असं वाटलं होतं, पण रडू आलं. ज्याच्याबरोबर आयुष्य काढायचं तो माणूस आपल्या उशाशी खोटा फिल्टर ठेवून आपल्या कपाळावर हात ठेवून ताप बघत होता, हे तिला सहन होईना.

प्राधिकरणाचे मुख्याधिकारी देशिंगकर साहेब दोन्ही निरंक अहवाल बघून खूश होते. “मॅडम, सही कधी करताय? बैठकीला सूट मंजूर करून टाकू,” ते म्हणाले. हा सावध, मऊ बोलणारा माणूस. आवाज चढवायचा नाही आणि कागदात नसलेलं ऐकायचा नाही.

“बैठकीला अजून अवधी आहे, सर. मी तिसरी फेरी घेते.”

“नियमात दोनच आहेत.”

“तिसरी घेऊ नका असं नियमात नाही.”

देशिंगकरांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि “घ्या” म्हणाले.

तिने नवा फिल्टर बसवला आणि घरी काही बोलली नाही. कार्यालयात भरतेशला कळलं असणारच. या खेपेला तिला आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. भरतेश ‘साइटवर जातो’ म्हणून सकाळी लवकर बाहेर पडला, त्याच्या मागोमाग ती रिक्षाने नाक्यावर आली आणि चहाच्या टपरीच्या आडोशाला जाऊन बसली. डोक्यावरून ओढणी घेतली होती. आपण नवऱ्यावर पाळत ठेवतोय हे तिला कळत होतं, आणि लाज वाटत असूनही ती उठली नाही.

थोड्या वेळाने त्याची जीप आली. तिने ओढणी आणखी पुढे ओढली. तो उतरला, पेटीच्या खांबापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. मग मान वर करून चिंचांकडे बघत राहिला. एका बुंध्यावर त्याने हात टेकला, मोजमापाचं यंत्र काढून रस्त्याची रुंदी पुन्हा मोजली, वहीत काहीतरी खरडलं आणि निघून गेला. पेटीला त्याने बोटसुद्धा लावलं नाही.

पेटीला बोट लावलं ते त्यानंतर आलेल्या बायकांनी. पाच-सहा जणी होत्या, पदर खोचलेल्या, हळदीच्या पॉलिश मिलमध्ये कामाला चाललेल्या. फेब्रुवारी सरत आला की सांगलीत हळदीचा हंगाम ऐन भरात असतो, आणि मिलमधल्या बायकांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या होतात. त्यातली पुढची, गौरव्वा, हिने कनवटीची पुरचुंडी सोडली, चिमूटभर हळद घेऊन पेटीच्या तोंडाच्या जाळीवर नीट लावली, वर कुंकू टेकवलं, उरलेली हळद भंडाऱ्यासारखी उधळली आणि हात जोडले. पेटीच्या आतला पंखा घुंऽ करत होता. त्याने ती सगळी पिवळी धूळ आत ओढून घेतली.

त्रिशला धावतच तिथे गेली. “अहो मावशी, हे काय करताय?”

“पूजा करतोय की बाई.”

“हिची? पेटीची?”

“मग? हिनं व्हय म्हटलं तर बस येणार हाय म्हणं,” गौरव्वा म्हणाली. “साहेब लोकं पेटी लावाय आलती तवा बोलत हुती, समदं पेटीच्या हातात हाय. मग म्हटलं तिला राजी ठेवाय नगो? रोज सकाळी येताना हळदकुकू करतोय. आमच्या नातवंडाचं रक्त बदलाय मिरजंला न्यावं लागतंय. वडापच्या जीपात आमास्नी कोन बी शिव्या देतंय, हळद अंगाला लागती म्हणून. बस आली म्हंजी सुटलो बगा.”

“रोज लावता? अगदी पहिल्या दिवसापासून?”

“एक दिस चुकलो न्हाई.”

त्रिशलाने किल्ली लावून पेटी उघडली आणि आतल्या डबीचं सील तोडलं. पांढरा फिल्टर पिवळाधमक झाला होता. ती तिथेच रस्त्याच्या कडेला मटकन बसली आणि हसायला लागली, इतकी की टपरीवाला पाण्याचा पेला घेऊन आला.

हळदीला रंग देणारं द्रव्य नकला काढणाऱ्या एन्झाइमला जखडून टाकतं. एन्झाइम अगदी बंद पडत नाही, मंदावतं. मग जे ढिगाने असतं त्याच्या नकला कशाबशा निघतात आणि जे थोडं असतं ते बुडून जातं. यंत्राची स्वतःची परीक्षा सोप्या आणि भरपूर नमुन्यावर असते, त्यामुळे ती निभावून जाते. पेटी जिथे बनली तिथल्या लोकांनी धूर, डिझेल, परागकण, समुद्राची खारट हवा, सगळ्यांवर चाचण्या घेतल्या होत्या. आपल्या यंत्राला कोणी हळदकुंकू लावेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. आणि त्रिशला तर सांगलीचीच. हळदीचा वास नाकात घेऊनच वाढलेली, म्हणून तिला तो कधी आलाच नाही, आणि जाळीवरचं पिवळं दिसूनही तिने ते हंगामातली धूळ म्हणून सोडून दिलं होतं.

म्हणजे एमू बुडाला होता हळदीत. फिल्टर कोणी बदललाच नव्हता. भरतेश निर्दोष होता!

त्या आनंदात तिने नळीतला पिसाचा तुकडा उपटून फेकून दिला, जाळी पुसली, नवा फिल्टर लावला. पेटी धुवून घ्यायला हवी होती. एरवी तिने हाताखालच्या माणसाला त्यावरून फैलावर घेतलं असतं. पण निर्दोष नवरा परत मिळालेल्या बाईचं कामात किती लक्ष असणार?

“मावशी, थोडे दिवस हळद लावू नका हं,” ती गौरव्वाला म्हणाली.

“का? वाईट असतंय?”

“पेटीला नीट बघू दे. तिला दिसत नाही मग.”

गौरव्वा तिच्याकडे टक लावून बघत राहिली. “आनि बस?”

त्रिशला म्हणाली, “येईल.” म्हणताना तिचा तिलाच भरवसा वाटला नाही.

हळदीची गोष्ट तिने घरी आल्या आल्या भरतेशला सांगितली. तो पोट धरून हसला. “म्हणजे बस मी नाही, गौरव्वाने मंजूर करून घेतली होती!” मग हसता हसता थांबला. “आता नवा फिल्टर काय सांगेल?”

“काय असेल ते.”

“असेल तर आहे,” तो म्हणाला, पण त्याचा आवाज खाली आला होता. “मला वाटलं होतं, तिथे काही नसणार. चार चिंचा, वर वेली. रोज बघतोय मी. म्हणून तुला म्हटलं होतं निरंकच येणार.” त्याने ताटातली भाकरी मोडली आणि सहज विचारलं, “तुला मुळात शंका कशी आली गं?”

“यादीत खार नव्हती,” त्रिशला म्हणाली.

“हुशार आहेस हां,” तो कौतुकाने म्हणाला. तिने मान खाली घालून आमटी वाढली. खोटं काही बोलली नव्हती, पण सगळं खरंही सांगितलं नव्हतं.

तिसरा अहवाल बैठकीच्या दिवशीच हातात आला. यादी केवढी लांब! खार वरतीच होती. मुंगूस, पिंगळा, धनेश, सरडे, पाकोळ्या. आणि तळाच्या चौकटीत निरंक हा शब्द नव्हता. तिथे होतं : रंगीत वटवाघूळ. अंगठ्याएवढ्या अंगाचं, केशरी पंखांचं, सुकल्या पानाच्या गुंडाळीत पानच होऊन झोपणारं. चिंचांवरच्या वेलींमध्ये ते राहत होतं आणि खालून रोज हजारो माणसं जात होती. त्रिशलाच्या अंगावर शहारा आला. तिने चौकट वाचली, खारीच्या नावाखाली पेनने रेघ मारली आणि अहवालाच्या प्रती समितीला पाठवून दिल्या. मधली यादी तिने वाचली नाही.

ती वाचली देशिंगकर साहेबांनी.

बैठकीत त्रिशलाने हळदीचं सगळं समजावून सांगितलं. पिवळा फिल्टर टेबलावर ठेवला. समितीतले लोक माना डोलवत होते. भरतेश समोर बसला होता, चेहरा उतरलेला, पण ऐकत होता. वटवाघळाचं नाव आलं तेव्हा त्याने डोळे मिटले आणि उघडले.

“छान,” देशिंगकर मऊ आवाजात म्हणाले. “आता एवढंच सांगा, मॅडम. यादीत पुढे एमू आहे. सांगली-मिरज रस्त्यावर एमू कुठून आला?”

खोलीत हशा पिकला. पीस काढलं होतं, पण पिसाचा भुगा नळीत राहिला होता. हळद गेली आणि पेटीला सगळं दिसायला लागलं, तिने लपवलेलंही.

हसला नाही तो एकटा भरतेश. तो तिच्याकडे बघत होता.

“माझं म्हणणं सरळ आहे,” देशिंगकर पुढे बोलले. “पेटीत कोणीतरी बाहेरची वस्तू घातली. ज्याने एमू घातला त्याने वटवाघूळ घातलं नसेल कशावरून? हा अहवाल बाद. हळद हा तुमचा अंदाज झाला, पहिल्या दोन्ही वेळी यंत्र स्वतःच्या परीक्षेत पास आहे. तेव्हा ते दोन निरंक धरू आणि सूट मंजूर करू. मार्चअखेर तोंडावर आहे. कोणाला काही सांगायचंय?”

कोणाला काही सांगायचं नव्हतं. त्रिशलाला कळलं, आता नुसतं गप्प बसायचं. भरतेशला त्याचा मार्ग मिळेल. गौरव्वाला बस मिळेल. समितीतल्या कोणाला पिसाचं कळणार नाही, आणि घरी भरतेशला सांगायला एखादी थाप सुचेलच. एका पानाएवढ्या जीवाशिवाय कोणाचंही काही जाणार नाही.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याला सगळं उमगलं होतं का, की फक्त पीस ओळखलं होतं? त्यालाही बोलता आलं असतं.

“एमूचं पीस मी ठेवलं,” त्रिशला उभी राहून म्हणाली. “आमच्या घरातलं. दुसऱ्या फेरीच्या आधी मी स्वतः नळीत चिकटवलं. वटवाघूळ कोणी ठेवलेलं नाही. ते पीस दुसऱ्या फेरीत दिसायला हवं होतं आणि दिसलं नाही, म्हणजे ती फेरी आंधळी होती. हळदीचा याहून पक्का पुरावा नाही.”

देशिंगकरांनी चष्मा काढला. “पण तुम्ही ते ठेवलंत कशासाठी?”

“फिल्टर कोणी बदलतंय का ते बघायला.”

“कोणी म्हणजे कोण? किल्ल्या तर दोनच आहेत.”

प्रश्न विचारून झाल्यावर उत्तर त्यांच्या स्वतःच्याच ध्यानात आलं आणि ते अवघडले. पण कागदावर उत्तर लागणारच होतं. त्याशिवाय ते पीस खोडसाळपणाचं ठरलं असतं आणि अहवाल बादच राहिला असता.

“माझ्या नवऱ्याला पकडायला,” त्रिशला म्हणाली.

कारकुनाने ते लिहून घेतलं. पहिले दोन अहवाल रद्द झाले, सूट नामंजूर झाली, पुरा अभ्यास करायचं ठरलं. लोक खुर्च्या सरकवत, एकमेकांकडे न बघता बाहेर पडले.

भरतेश व्हरांड्यात खिडकीपाशी उभा होता. ती त्याच्या शेजारी जाऊन थांबली. खाली थांब्यावर हळदीच्या मिलमधल्या बायका वडापची वाट बघत उभ्या होत्या.

“दोन वर्षं लागतील. लागू देत,” तो म्हणाला. “चिंचा ठेवून मार्गिका रस्त्याच्या मधोमध घेता येते का ते बघतो. येईल बहुतेक. आधीच बघायला हवं होतं मी.”

“भरतेश, माझं चुकलं. मी तुला विचारायला हवं होतं.”

त्याने मान हलवली, पण ते तिच्या बोलण्याला नव्हतं. “त्या दिवशी तू म्हणालीस ना, येताना फिल्टर घेऊन येशील का?” तो म्हणाला. “मला इतकं बरं वाटलं होतं गं. तू आपलं काम कधी कोणाच्या हाती देत नाहीस. म्हटलं, आज माझ्या हाती दिलंस.”

दारातून मागे वळून तो का हसला होता ते त्रिशलाला आत्ता कळलं.

“तू जा घरी,” तो म्हणाला. “मी थांबतो. आराखडा पुन्हा काढायला बसतो.”

तो त्याच्या खोलीकडे गेला. दार लागल्याचा आवाज झाला. खरंच आराखडाच काढणार आहे ना हा, असं त्रिशलाच्या मनात येऊन गेलं, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.